ऑन

"ऑन," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने पंखा लावला.

"ऑन!"

तिने दिवाही लावला. सकाळचे दहा वाजले होते, खोलीभर ऊन होतं, तरी लावला. मास्तरांनी मान जोरजोरात हलवली आणि डाव्या हाताने पलंगाची कड थोपटली. तिने रेडिओ सुरू केला. आता घरात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा या निवृत्त इंग्रजी शिक्षकाचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दुसऱ्यांचं बोलणं त्यांना सगळं कळायचं. आपलं म्हणायची वेळ आली की मात्र काहीही म्हणायचं असो, तोंडातून एवढंच यायचं. घरच्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता, काहीतरी चालू करायला सांगताहेत.

बोलायला शिकवणाऱ्या बाई खाली वाकून चित्रांचे पत्ते गोळा करत होत्या. कप, किल्ली, झाड. मास्तरांनीच ते मघाशी हाताने उडवून लावले होते.

"काकू, स्पष्टच बोलते," त्या पत्ते पिशवीत ठेवत म्हणाल्या. "सहा आठवडे झाले. काकांना हे नकोसं झालंय. जबरदस्ती करून शब्द येत नाहीत. पुढच्या सोमवारपासून आपण थांबू या."

"ऑन," मास्तर म्हणाले. बाईंच्या पिशवीकडे बोट करून.

"अहो, सगळं लावलंय हो!" बायकोचा आवाज रडवेला झाला. "आता आणखी काय लावू?"

आरशासमोर केस विंचरत असलेली सून तोंडात पिन धरून दारात आली. दिवसातून पन्नास वेळा फोनवर "होल्ड ऑन, प्लीज" म्हणण्याची तिची नोकरी होती, आणि ती नोकरी तिला सासऱ्यांमुळेच लागली होती. लग्न करून आली तेव्हा इंग्रजीचं नाव काढलं तरी तिच्या हातापायांना घाम सुटायचा. मास्तर रोज जेवणाच्या टेबलाशी तिला मोठ्याने वाचायला बसवायचे. एखादा उच्चार चुकला की ती गप्प व्हायची.

"रीड ऑन," मास्तर म्हणायचे.

"म्हणजे?"

"रीड म्हणजे वाच. रीड ऑन म्हणजे वाचत राहा. वॉक ऑन, चालत राहा. टॉक ऑन, बोलत राहा. आपला 'राहा' जे काम करतो ना, तेच त्यांच्याकडे हा एवढासा 'ऑन' करतो. एकदा क्रियापदाला चिकटला की काम थांबू देत नाही. चूक झाली तर होऊ दे. रीड ऑन."

सुनेने तोंडातली पिन काढली. तिने आधी रेडिओ बंद केला, मग दिवा, मग पंखा. खोली एकदम शांत झाली. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली.

"बाबा, काही चालू करायचं नाहीये ना?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"चालू ठेवायचंय. हो ना? रीड ऑन, वॉक ऑन, टॉक ऑन, तुम्हीच शिकवलंत ना! बाईंनी शिकवत राहायचं."

मास्तरांचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. सोडेचनात. तिची मनगटापर्यंतची बाही ओली झाली.

"मग पत्ते का फेकले?" बाईंनी हळूच विचारलं.

"चाळीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलंय त्यांनी," सून म्हणाली. "कपाचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारलं, तर माझाही जीव गेला असता. ते तुमच्यावर चिडले नव्हते हो, स्वतःवर चिडले होते."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"काका, माझं इंग्रजी यथातथाच आहे. चालेल?" त्या म्हणाल्या. "रीड..."

"ऑन," मास्तर म्हणाले.

"वॉक..."

"ऑन."

"टॉक..."

या वेळी मास्तर उत्तर द्यायच्या आधी किंचित हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि मी वेडी, पंखे लावत बसले!"

सून त्या दिवशी कामावर उशिरा पोहोचली. वरिष्ठांची बोलणी तिने आनंदाने खाल्ली.

बाई येत राहिल्या. पत्ते पुन्हा पिशवीतून निघाले नाहीत. बाई अर्धं वाक्य म्हणायच्या आणि उरलेल्या शब्दासाठी थांबायच्या. आधी इंग्रजीतली, मग मराठीतली वाक्यं. मराठीत मास्तरांचे ओठ हलायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि शेवटी "ऑन"च यायचं. एक महिना गेला, दुसरा गेला. काही दिवस तर "ऑन"सुद्धा नीट उमटत नव्हतं. तरी सोमवार आला की मास्तर बाईंच्या आधी भांग पाडून, खुर्चीत टेकून तयार असायचे.

एका मंगळवारी सून नेहमीसारखी घाईत निघाली. डबा पर्समध्ये कोंबत, एका पायात चप्पल सरकवत तिने वळून न बघताच म्हटलं,

"येते हं, बाबा."

"ये."

ती दुसरी चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली.

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलं गं?"