हक्काची छाती

"आधी निरोगी छाती कानात मुरवा, मग आजारी आपोआप ओळखाल," मेडिकलच्या पहिल्या वर्षी सर सांगायचे. माझ्या हक्काची छाती एकच होती, बाबांची. संध्याकाळी कामावरून आले की ते शर्टाची बटणं काढून खाटेवर आडवे व्हायचे. मी स्टेथोस्कोप टेकवला की विचारायचे, "चालू आहे ना गं अजून?"

"बाबा, बोलू नका हो, काही ऐकू येत नाही!"

परीक्षेला सरांनी कॉलेजच्या धडधाकट शिपायाला समोर बसवलं. मी दोनदा ऐकलं आणि ठामपणे म्हणाले, "सर, यांचं काहीतरी बिघडलंय. दोन ठोक्यांच्या मधे तो सूंऽऽ आवाज असतो ना, तो येतच नाहीये."

मागची पोरं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. त्यांनी कागदावर शून्य मांडलं आणि हळूच विचारलं, "कोणाच्या छातीवर शिकलीस?"

"बाबांच्या."

"उद्या त्यांना घेऊन ये."

हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबा एकवीस वर्षं जगले. भेटेल त्याला कौतुकानं सांगायचे, "आमची पोरगी नापास झाली, म्हणून मी आहे."