बुवांचा चक्रवाक

“ही केशरी बदकं कसली गं?” रघुनाथबुवांनी दुर्बीण डोळ्यांना लावूनच विचारलं.

पहूज धरणाच्या काठच्या गाळात, माघातल्या कोवळ्या उन्हात, एक जोडी निवांत चरत होती. पक्षी मोजायला आलेली त्यांची नात आभा वहीत काही टिपत होती. ती खळखळून हसली.

“आजोबा, मजाक करताय ना? चकवा-चकवी आहेत. तुमचे चक्रवाक!”

बुवांनी दुर्बीण खाली घेतली. खंडेराव गेटजवळच्या देवळात तीस वर्षं ते कीर्तनात चक्रवाकाचं आख्यान लावत आले होते. पांढराशुभ्र, हंसासारखा चक्रवाक! रात्रभर नदीच्या दोन तीरांवरून जोडी विलाप करते म्हणून ते असा कोमल हुंदका देत की तबला थांबे, बायका पदराने डोळे पुसत. आज दासनवमी. संध्याकाळी तेच लावायचं होतं. आणि हा पक्षी तर गेरूच्या रंगाचा, मजेत चिखल उपसणारा.

“अहो, डोकं तेवढं फिकट असतं त्यांचं,” मागून कमलताई म्हणाल्या. त्या नवऱ्यासाठी थर्मासमधून चहा ओतत होत्या.

बुवा गर्रकन वळले. “तुला ठाऊक होतं?”

“माहेर बेतवेच्या काठचं माझं. दिवाळीनंतर यायचे, होळीपर्यंत असायचे. अंगणातून दिसायचे.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले होते की. पहिल्याच वर्षी.” त्यांनी कप पुढे केला. “घ्या, निवेल.”

बुवांना आठवलं. देवळातच, पेटीवाल्यादेखत, ते म्हणाले होते, “कीर्तन तू करतेस की मी?” सगळे हसले होते. कमलही हसली होती. तेव्हापासून ती पुढच्या रांगेत बसून नुसते टाळ धरत आली.

रामा, रामा! त्यांनी कप हातात घेतला.

“आवाज... कसा करतो गं तो?” कपात बघतच त्यांनी विचारलं.

“इश्श! आता या वयात काय!” म्हणत कमलताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि घोगरी, नाकातली, लांब साद पाण्यावर सोडली, “आँऽऽग!”

गाळातल्या पक्ष्याने मान उचलली आणि ओ दिली.

बुवांना मान वर करवेना.