रेवाची बातमी

"ढकललं, असं सांगितलं मला यंत्राने! पाळणाघरातल्या रझियाताईंनी एका मुलाला झोपाळ्यावरून ढकललं," मुग्धा नवऱ्याला म्हणाली.

"मला तर सांगितलं, मूल हात सुटून पडलं आणि ताईच त्याला घेऊन दवाखान्यात धावल्या," हृषीकेश म्हणाला. "अगं, बातमीयंत्र ते! समोरच्याचा चेहरा वाचतं आणि त्याच्या मनात असेल तेच ऐकवतं."

"मग खरं काय? आत्ता रेवाला तिथेच सोडायचंय मला!"

तेवढ्यात मुग्धाला सुचलं. अडीच वर्षांच्या पोरीच्या मनात कसला आलाय पूर्वग्रह? तिला मिळेल तीच खरी बातमी. तिने लेकीला यंत्रासमोर बसवलं आणि श्वास रोखून पाठीशी उभी राहिली.

यंत्राने रेवाचा चेहरा न्याहाळला आणि लाडिक आवाजात सांगितलं, "रझियाताईने बाळाला ढकललं. बाळाला बाऊ झाला."

"बघ!" म्हणायला मुग्धा वळली, आणि तिची नजर खाली गेली. ताईंचं नाव ऐकताच रेवाने तिचं बोट गच्च धरलं होतं. रोज सकाळी पाळणाघराच्या दारात रझियाताई हात पुढे करायच्या, तेव्हा मुग्धा रेवाचा हात गच्च धरायची, अगदी तसंच.