टोपी काढा, वारा लागू द्या

मुलीच्या फळ्यावरचा आजचा सल्ला वाचून बाप तडकला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याने तसंच फेसात सोडलं, डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली आणि भर दुपारी रस्ता ओलांडून तिच्या सलूनमध्ये शिरला.

रस्त्याला हेच हवं होतं. आठवडाभर सगळे फुकटचा तमाशा बघत होते. अलीकडे बापाचं सलून, पलीकडे मुलीचं, आणि दोघांच्या दारात एकेक फळा. बापाने लिहिलं, 'उन्हाळ्यात रोज केस धुवू नका, केसांतला जीव जातो.' मुलीने लिहिलं, 'घाम आला की खुशाल धुवा. केसांत जीव नसतो, मळ असतो.' बापाने लिहिलं, 'ओले केस घट्ट बांधा, गार वाटेल.' मुलीने लिहिलं, 'ओले केस बांधाल तर वास मारतील. गार वाटायला सावलीत बसा.' काल बापाने लिहिलं, 'उन्हात टोपीशिवाय फिरू नका.' आणि आज तिने लिहिलं होतं, 'टोपी जरूर घाला. पण अधूनमधून काढा, वारा लागू द्या. काही जणांनी पंधरा दिवस काढलेली नाही.'

मुलीचा गुन्हा एवढाच होता की तिने चारचौघांत कात्री धरली. दहा वर्षं बापाच्या सलूनमध्ये तिने टॉवेल धुतले, केस झाडले, तेव्हा कोणाच्या इभ्रतीला ओरखडा उठला नाही. कात्री हातात आली आणि घराण्याचं नाक कापलं गेलं. मग तिने समोरच गाळा घेतला. दोन खुर्च्या मांडल्या. बायकांची खुर्ची दिवसभर भरलेली. पुरुषांच्या खुर्चीवर तीन महिन्यांत एक माणूस बसला नाही, कारण बापाने रस्ताभर सांगून ठेवलं होतं, "पोरीला पुरुषांचे केस कापता येत नाहीत. कान सांभाळा." पुरुषांनी कान सांभाळले. ती खुर्ची चालली नाही तर या महिन्यानंतर गाळा सोडायचा, असं मुलीने आईला सांगितलं होतं. आईने ते बापाच्या कानावर घातलं होतं.

"काही जणांनी म्हणजे कोणी गं?" बापाने विचारलं.

"ज्याला झोंबलं त्याने," मुलगी म्हणाली. "काढा बघू टोपी."

"गिऱ्हाईक बसलंय."

"मी काही बघत नाही हो काका," केसांना रंग लावून बसलेली शिक्षिका म्हणाली आणि तिने घाईघाईने चष्मा चढवला.

बापाने टोपी काढली. मागच्या बाजूला जिना उतरला होता. एका कानामागे जंगल, दुसऱ्या कानामागे मैदान.

"हे कोणी केलं?"

"मीच. दोन आरसे लावून. आरशात डावं-उजवं कळेनासं होतं गं."

मुलगी हसत हसत खाली फरशीवर बसली. शिक्षिकेचा रंग गालावर ओघळला.

"हस, हस. उकडून जीव जात होता माझा."

"मग जायचं की कोणाकडे. गावात सलूनं काय कमी आहेत?"

"दुसऱ्याच्या हातात मी डोकं देत नाही. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. दहा वर्षं, दर सुट्टीच्या दिवशी, शटर खाली ओढून बापाचे केस तिनेच कापले होते. ते इतके झोकदार दिसत की अर्धा रस्ता त्याच्याकडे तसाच कट मागायचा. "तुझ्या कवटीला शोभणार नाही," असं म्हणून तो टाळायचा. न्हाव्याला स्वतःची मान मागून दिसत नाही, मग ती कापतं कोण, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

बाप पुरुषांच्या खुर्चीवर टेकला. दबक्या आवाजात म्हणाला, "शटर ओढ."

मुलगी उठली. डोळे पुसले.

"उठा, बाबा. आत उकडतंय. मी खुर्ची बाहेर घेते."

"बाहेर? अगं, लोक बघतील!"

"त्यासाठीच."

तिने खुर्ची ओढली. लोखंडी खुर्ची हलेना. तिने पाय रोवले, पुन्हा ओढली. दारात शिंपी, चप्पलवाला, तो फेसवाला, सगळे माना लांब करून उभे. बाप टोपी हातात घेऊन एकदा त्यांच्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे. मग त्याने टोपी खिशात कोंबली.

"एकटीने ओढू नकोस, कंबर धरेल," तो म्हणाला आणि खुर्चीची दुसरी बाजू उचलली.

भर रस्त्यात, झाडाच्या सावलीत बाप उघड्या डोक्याने बसला. लोक आधी पोट धरून हसले. त्याचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. मुलीने अंगावर कापड टाकलं. कात्री चालू झाली. हळूहळू हसणं थांबलं. जिना गेला, जंगल गेलं आणि सगळ्यांच्या ओळखीची ती झोकदार मान पुन्हा दिसायला लागली.

"अरेच्चा!" शिंपी ओरडला. "हा तर तुमचा कट! आम्ही इतकी वर्षं मागतोय तो!"

बाप उठला. मानेवरून हात फिरवला. कापड झटकलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून सगळा रस्ता ऐकेल अशा आवाजात शिंप्याला म्हणाला, "तो मला येत नाही. हिला येतो. बस."