पुढचा ब्रेक

डोंगरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने खाली गावच्या इस्पितळात पोचवायचं काम मोखेथी आणि पुलेंग, दोघंही करायचे. यंदा नवी कोरी मोटारसायकल पुलेंगला मिळाली आणि तेव्हापासून मोखेथीच्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या म्हाताऱ्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की दांडी मुठीला टेकायची, पण गाडी काही थांबायची नाही. लेसोथोचे ते उतार तो जीव मुठीत धरून उतरायचा.

"काय न्ताते, चालत आलात की काय?" पुलेंग खाली चहा पीत विचारायची; वडीलधाऱ्या माणसाला तिकडे न्ताते म्हणतात.

शेवटी त्यानं रविवारी ब्रेक उघडला. फुगलेला रबरी पाइप काढून पोलादी जाळीचा बसवला, पॅड बदलले, काळं पडलेलं ऑइल काढून नवं भरलं आणि दांडी टणक होईपर्यंत आतली हवा काढत बसला.

सोमवारी दोघं पाठोपाठ उतरताना वळणावर मेंढ्या आडव्या आल्या. पुलेंग घसरत घसरत कडेच्या खडीत गेली. मोखेथी दोन बोटांनी ब्रेक दाबून जागच्या जागी थांबला आणि तिच्या आधी खाली पोचला.

"ये बाई, ये. चहा गार झाला तुझा!"

इस्पितळात मोठे साहेब ट्रक घेऊन आले होते. त्यांनी स्वतः मोखेथीची गाडी चालवून पाहिली. "शाब्बास, मोखेथी! ही तर नव्या गाडीला मागे टाकेल!"

मोखेथीनं पुलेंगकडे तिरकं पाहिलं.



साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "याच्यासाठी आणलेली नवी गाडी ट्रकमधून उतरवू नकोस रे, पुढच्या दवाखान्यात देऊ."