भरतची सही

"माझा मुलगा पळपुटा आहे. लिहा तिथं तसं," कमलीबाईने बँकेतल्या साहेबाला सांगितलं. "आई टाकली, बायको टाकली, पोर टाकली. ऊस तोडायला गुजरातेत गेला आणि तिकडच्याच बाईच्या मागं लागला. असल्याची सही तुम्हाला कशाला पाहिजे? भिंतीला लावायला?"

साहेब तरुण होता. त्याने चष्मा काढून पुसला.

"आजी, शिक्षणाचं कर्ज आहे. पोरीबरोबर कमावत्या माणसाची सही लागते. तिच्या आईला पगार नाही. रेशन कार्डावर बापाचं नाव आहे, मग बापच आणावा लागेल."

"मामा आहे की. नवलसिंग. जंगलखात्यात पगारावर आहे. तो सही करतो म्हणतो."

"बाप असताना मामाची सही वरून परत येते. बाप नसेल तर मृत्यूचा दाखला आणा, मामाची सही मी लगेच घेतो. नाहीतर बापाला समोर उभं करा."

कमलीबाई खुर्चीवरून उठली. धडगावच्या बाजारात तिला भांडण अर्धं सोडून उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शेजारी नात जागृती छातीशी फाईल धरून उभी होती. नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पाड्यावरून इतक्या लांब शिकायला जाणारी ती पहिलीच. सोमवारपर्यंत फी भरली नाही, तर तिची जागा खालच्या नंबरला जाणार होती.

परतीच्या जीपमध्ये कमलीबाई ड्रायव्हरशेजारी बसली. ती जागा तिचीच. मागून शेजारचा दिवाल्या म्हणाला, "काकी, सहा वर्षं झाली. भरत कुणाला दिसला पण नाही?"

"दिसेल कसा? दाखवायला तोंड पाहिजे."

जीपमधली माणसं हसली. घाटाची वळणं संपेपर्यंत ती मुलाला शिव्या देत राहिली.

सहा वर्षांपूर्वी भरतला ऊसतोडीला नेणारा लोटन मुकादम पाड्यावर आला होता. रिना, भरतची बायको, तेव्हा झऱ्यावर पाण्याला गेली होती. लोटन अंगणात कमलीबाईजवळ बसला, हळू आवाजात काहीतरी बोलला आणि पाणीही न पिता निघून गेला. रिना हंडा घेऊन आली तेव्हा सासू अंगणाच्या मधोमध उभी होती आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडत होती, की भरत पळाला, दुसरी केली.

त्या दिवशी तिने पायातली चांदीची कडी काढली. "पळपुट्याची आई चांदी घालून मिरवत नाही," म्हणाली. चहातला गूळही सोडला. उसाचं काही तोंडात नको. लोक म्हणाले, म्हातारीचा ताठा लई.

रिना तेव्हा तीस वर्षांची होती. त्याच्या आदल्या साली दिवाल्याचा भाऊ झाडावरून पडून मेला. वर्ष भरायच्या आत त्याच्या बायकोचे भाऊ आले, तिला घेऊन गेले आणि दुसऱ्या घरी दिली. दोन पोरं इथंच राहिली. त्यांची शाळा सुटली, ती शेळ्यांमागे लागली.

रिनाचे भाऊही एकदा येऊन बसले होते. तेव्हा नवलसिंगची नोकरी नवी होती, तोच पुढे होऊन बोलला.

"नवरा जिवंत असलेली बाई न्यायला आलात?" कमलीबाई म्हणाली. "आधी त्याला शोधून आणा, मग बोला."

भाऊ उठून गेले. रिना राहिली. तिने नागली पेरली, रोजगार हमीची खडी फोडली, जागृतीला आश्रमशाळेत ठेवलं. दर होळीला ती भरतचा निळा शर्ट धुऊन वाळत घालायची.

"पळपुट्याला शर्ट कशाला?" कमलीबाई खेकसायची. पण शर्ट दोरीवरून काढायला तिने कधी सांगितलं नाही.

जीपमधून उतरून दोघी घरी आल्या. बँकेत काय झालं ते जागृतीने आईला सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला नाही जायचं नाशिकला. त्या माणसाच्या सहीवर तर नाहीच. माझ्या लेखी तो मेला."

"असं बोलू नये बापाला," रिना म्हणाली.

मग तिने खुंटीवरची पिशवी काढली. दोन भाकरी बांधल्या, मिरची बांधली.

"कुठं निघालीस?" कमलीबाईने विचारलं.

"गुजरातेत. लोटनला गाठते. तो पत्ता सांगेल."

"आणि ती बाई?"

"असू दे ती. मी भांडणार नाही, आई. घरी चल पण म्हणणार नाही. पोरीपुरती एक सही मागेन आणि परत येईन."

एवढं बोलून तिने निळा शर्ट काढला, घडी नीट केली आणि भाकरीच्या वर ठेवला.

कमलीबाई बघत राहिली. मग कुडाचा आधार घेत उठली. कोपऱ्यात बियाण्याची लहान कणगी होती. त्यात उंदराचं औषध आहे, हात घालू नका, असं तिने घरात बजावून ठेवलं होतं. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेला, घडी पडून पिवळा झालेला एक कागद काढला. त्यावर गोल शिक्का होता आणि अक्षरं गुजराती होती.

तो तिने जागृतीच्या हातात दिला.

"हा साहेबाला दे. मामाची सही घेईल आता."

जागृतीने कागद उलगडला. गुजराती अक्षरं जुळवत बापाचं नाव वाचलं, सहा वर्षांपूर्वीची तारीख वाचली. तिने आईकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

कमलीबाईने रिनाच्या पिशवीतून शर्ट काढून घेतला, मांडीवर पसरला, कॉलर सरळ केली. रिनाकडे तिला बघवेना. ती शर्टालाच म्हणाली, "भरत, तू कुठं पळाला नव्हतास, पोरा. तुला पळपुटा मी केला."