पुढचं दार

काचेच्या दारावर बाहेरून कुणीतरी थापा मारत होतं. आतून दाराला खाकी कागद चिकटवलेला, त्यामुळे माणूस दिसेना.

"अहो, आहे का कुणी? आत माणसं बोलतायत, ऐकू येतंय मला!"

ताईंनी आवाज ओळखला. ड्रायव्हरकाका! हे दुकान होतं आणि ताई काउंटरवर होत्या, तेव्हा दर आठवड्याला यायचे. अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी मोठ्या माणसांचे डायपर न्यायचे. मग कंपनीने दुकान बंद केलं, वाजतगाजत लावलेली पाटी गुपचूप उतरवली आणि त्याच जागेत गोदाम केलं. माल तोच, रॅक त्याच, ताईही त्याच. फक्त गिऱ्हाइकाला आत यायची बंदी. लोकांनी फोनवरून मागवायचं, ताईंच्या मनगटावरचं यंत्र टुणटुणलं की त्यांनी पळत जाऊन वस्तू उचलायची आणि मागच्या दारी डिलिव्हरीवाल्याच्या हातात द्यायची.

ताई दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाल्या, "काका, दुकान बंद झालंय हो. आता फोनवरूनच मागवावं लागतं."

"तो फोन पोराकडे. पोरगा परगावी गेलाय. माझा हा साधा, बटणांचा." काकांना दम लागला होता. "सकाळी शेवटचा संपला, ताई. ती तशीच पडलीय. ओली. मला म्हणते, राहू दे, उन्हाचं जाऊ नका. कशी राहू देऊ?"

"मेडिकलमध्ये बघितलंत?"

"कुठलं मेडिकल? तुमचं दुकान आलं आणि त्याने शटर ओढलं. सगळ्यांनीच ओढलं. आता बाजारात जायचं म्हणजे दोन बस. तोवर तिच्याजवळ कोण?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. डायपरची पाकिटं तिसऱ्या रॅकवर छतापर्यंत रचलेली. हात लांब केला तर मिळतील.

"ताई, तुमची ऑर्डर लाल झालीय, वेळ टळली!" सुपरवायझर ओरडला. सगळे त्याला पाठीमागे मिनिटराव म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता, पण घड्याळापलीकडे त्याला जग नव्हतं.

"साहेब, एक पाकीट द्यायचंय. म्हातारा माणूस आहे. पैसे रोख देतोय."

"रोख घेऊन ठेवू कुठे? गल्ला आहे का इथे? सिस्टीममध्ये ऑर्डर नाही, तर माल हलत नाही. त्यांना म्हणावं, ऑर्डर टाका."

"बरं. मीच टाकते."

ताईंनी स्वतःचा फोन काढला. डायपर शोधले, पत्त्यात याच दुकानाचं पुढचं दार टाकलं. डिलिव्हरीवाला मागून निघेल, इमारतीला वळसा घालेल आणि काकांच्या हातात पाकीट देईल. येडेपणाच, पण होऊ दे. फोनने थोडा विचार केला आणि सांगितलं: माफ करा, या पत्त्यावर आम्ही सेवा देत नाही.

ताईंनी काकांच्या घराचा पत्ता विचारून टाकला. माफ करा, आम्ही लवकरच आपल्या भागात येत आहोत.

"लवकरच येतायत!" ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्यांनो, इथे ठाण मांडून बसलाय की! आणखी कुठून येणार आहात?"

"माझ्यावर कशाला ओरडताय?" मिनिटराव म्हणाला. "नियम मी केलेत का?"

"मग कुणी केलेत? बोलवा त्याला. इथे उभा करा माझ्यासमोर. त्याच्या आईला ठेवू दे असं ओलं!"

मनगटावरचं यंत्र टुणटुणत राहिलं. ताईंनी ते ओरबाडून काढलं आणि साबणाच्या खोक्यात टाकलं. तिसऱ्या रॅकवरून दोन पाकिटं उचलली, काखेत मारली आणि त्या पुढच्या दाराशी आल्या. खाकी कागदाच्या कोपऱ्यात नखं घालून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत टराटरा फाडला.

बाहेर काका उभे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, मुठीत नोटा. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले, पण इतकं हळू बोललेलं काचेतून ऐकू येईना.

"ताई, काय करताय? वर कॅमेरा आहे!" मागून मिनिटराव ओरडला.

"बघू दे की. डोळे भरून बघू दे."

खालची कडी गंजली होती. ताईंनी चपलेच्या टाचेने दोन लाथा घातल्या, ती सुटली. दार उघडलं. ताईंनी पाकिटं काकांच्या हातात दिली, नोटा घेतल्या आणि मिनिटरावच्या टेबलावर आपटल्या. काका काहीतरी म्हणायला लागले, तशा ताई डाफरल्या, "बोलत काय बसलात? पळा आधी घरी!"

काका खरंच पळाले, म्हणजे त्यांच्यापरीने.

"उद्यापासून येऊ नका तुम्ही," मिनिटराव म्हणाला. "माझी पण नोकरी घालवाल. ते दार लावा आधी."

पण समोरच्या बसस्टॉपवरच्या दोघी बायका रस्ता ओलांडून आल्या होत्या. एकीने आत डोकावून विचारलं, "अगं बाई, उघडलं का हो परत?" आणि उत्तराची वाटही न बघता ती रॅकपाशी गेली. दुसरी तिच्या मागोमाग. त्यांच्या मागे एक रिक्षावाला.

"अहो, हे दुकान नाही!" मिनिटराव हात पसरून ओरडत होता. "बाहेर व्हा! हे दुकान नाही!"

पहिली बाई तेलाची बाटली आणि भांडी घासायचा साबण घेऊन ताईंसमोर येऊन उभी राहिली.

ताईंनी पदराने कपाळ पुसलं.

"पिशवी आणलीय का?" त्यांनी विचारलं.